मधुभाऊंची गुलाबी अ‍ॅम्बॅसेडर

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुसदला मुलीकडे होतो. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि तसेच मागे टेकले, एवढंच पलीकडून कळलं. मिळेल त्या बसने यवतमाळ गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही. दुकानाला दुकान लागून असल्यामुळे ज्या माणसाचं तोंड रोज पाहून कंटाळलो होतो, त्याचंच नेमकं मिळालं नाही... पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. गाडीचा विषय मात्र कोणीच काढला नाही. तो मलाच लिहिणं भाग आहे.

माझं फोटो फ्रेमचं दुकान आणि त्यांची दातांच्या कवळ्या बनवण्याची खोली, मध्ये एकच भिंत. मी जरा मोठ्याने शिंकलो तरी पलीकडून "मेला काय बे?" अशी चौकशी व्हायची. तरुणपणी ते ज्या डॉक्टरांकडे काम करत, त्यांनी लग्नात आपली अ‍ॅम्बॅसेडर वापरायला दिली होती. बोरी अरबहून वहिनींना घेऊन यवतमाळला निघाले, तर वहिनींच्या बाजूचं दार बंदच होईना. नवी नवरी सगळा रस्ता दार ओढून धरून बसली! हा किस्सा भाऊ कोणालाही सांगत आणि वहिनी दर वेळी लाजत. पुढे त्याच वहिनींची नजर गेली. आधी कडा अंधारल्या, मग मधलं. नागपूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हापासून भाऊ त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवत.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. खेड्यातली म्हातारी माणसं मापं देऊन जात, "कापूस निंगाला का घेऊन जातो" म्हणत, आणि फिरकतच नसत. तयार कवळ्या फळीवर पडून राहिल्या. एका सकाळी पेपरातल्या आत्महत्यांच्या बातमीत बाभुळगावकडच्या एका माणसाचं नाव वाचता वाचता भाऊ थांबले. त्याची कवळी समोरच्या फळीवर होती. तिच्याकडे पाहत ते बराच वेळ बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी पेपर बंद केला. बोलणंही कमी झालं, जेवण कमी झालं. वहिनी भिंतीला हात लावत माझ्या दुकानाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले कशात तरी गुंतवा. माणूस घरात असून नसल्यावानी झाला हाय."

मी काय गुंतवणार! ते स्वतःच गुंतले. लग्नातला फोटो माझ्याकडून मोठा करून घेतला. त्यात मागे अर्धीच दिसणारी ती अ‍ॅम्बॅसेडर पाहून त्यांनी दातांच्या कामातलं मेण कोरायला घेतलं. वीतभर लांबीची गाडी, मोटारीचा नुसता बाहेरचा आकार, पण बॉनेटचा फुगवटा असा की हात फिरवावासा वाटावा. आता तिचा साचा करायचा म्हणून नागपूरहून सिलिकॉन आणलं. खालचा अर्धा साचा ओतला, तो जमल्यावर वरचा. जन्म प्लास्टरमध्ये गेलेला माणूस, सवयीने मध्ये साबणाचं पाणी लावून मोकळा झाला. प्लास्टर साबणाने सुटतं, सिलिकॉनला सिलिकॉन चिकटून एकजीव होतं. दोन्ही अर्ध्यांचा मिळून एकच ठोकळा झाला आणि गाडी आत! सुरीने कापून काढली तेव्हा मेणाचे तुकडेच हाती आले. मी हसलो. ते म्हणाले, "हास, हास. पुन्हा करतो." दुसऱ्या वेळी व्हॅसलीन लावलं. साचा सुटला. त्यात ओतायला रेझिन होतं ते कवळ्यांचंच, त्यामुळे गाडी निघाली ती थेट हिरड्यांच्या रंगाची.

"मधुभाऊ, हिले दात कवा येतीन?" मी विचारलं.

"तिले कुठं रंग दिसते बे? तिले आकार पाह्यजे," म्हणत ते ती गाडी घेऊन मागच्या घरात गेले. मीही मागे गेलो. वहिनींच्या हातात गाडी ठेवली आणि लहान पोरासारखे समोर उकिडवे बसले. "ओळख पाहू."

वहिनींची बोटं टपावरून फिरली, काचांच्या जागी थांबली, दारावरून खाली आली. मग त्या म्हणाल्या, "नाही बा. मोटार हाय हे समजते. टप जरा उंच वाटते."

भाऊंचं तोंड उतरलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मेण घेऊन बसले. टप बसका केला, तर वहिनींना बॉनेट आखूड वाटलं. बॉनेट लांबवलं, तर मागचा भाग जड वाटला. नवं मेण, नवा साचा, नवी गाडी, आणि पुन्हा "नाही बा." फळीवर कवळ्यांच्या शेजारी गुलाबी गाड्यांची रांग लागली. मला वहिनींचा राग यायचा. एकदा हो म्हणायला काय जातं या बाईचं? भाऊ मात्र नव्या गाडीच्या वेळी गुणगुणत, पोटभर जेवत, माझ्याशी पूर्वीसारखे भांडत. एवढंच म्हणत, "एकदा तिनं ओळखली ना, का झालं." ते काही झालं नाही. शेवटची गाडी साच्यातून काढून ठेवली आणि तिच्यावरून वहिनींचा हात फिरायच्या आधीच भाऊ गेले.

परवा ती गाडी घेऊन मी वहिनींकडे गेलो. त्यांनी ती मांडीवर घेतली, पण बोटं फिरवली नाहीत.

"भाऊजी, मी पयल्याच दिवशी ओळखली होती. हात लावल्याबरोबर."

"मग सांगितलं काहून नाही, वहिनी?"

"सांगितलं असतं तं काम सरलं असतं. मंग पुन्हा त्या कवळ्यायकडं पाहत बसले असते... मले वाटे, आजचा दिवस निंगू द्या, उद्या सांगू." पदर तोंडाला लावून त्या रडल्या. "हिनं ओळखलीच नाही, असं समजून गेले ना हो ते!"

या बाईवर मी रागावत होतो, आणि तिने रोज एकेक दिवस करून माझा मित्र जगवला होता.

निघायला उठलो तर त्यांनी उशाखालून पॉलिशपेपरचा एक वापरलेला तुकडा काढला. "दुपारी मी पडून राहो, अन् ते इथंच बसून गाडी घासत. जरासं घासता काय, भाऊजी?" मी खाली बसलो आणि टपावरून पॉलिशपेपर फिरवू लागलो. खर्र... खर्र... गुलाबी भुकटी बोटांवर जमत होती. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोप लागली असं वाटून मी हात थांबवणार, तोच त्या हळूच म्हणाल्या, "ओळखली हो, ओळखली... पुरे करा आता."