कुंपणावरची दगडी घरं

आखातात, अल क्वोजला आम्हा कामगारांच्या खोल्या एका ओळीत होत्या. समोर कंपनीचं शोरूम उघडणार होतं, म्हणून मध्ये प्लायवूडचं कुंपण घातलं. मी पेंटर. इंग्रज साहेबांनी मला त्यांच्या गावाकडचं कॅलेंडर दिलं आणि त्यातलं चित्र कुंपणावर काढायला सांगितलं. एकमेकांना चिकटलेली दगडी घरं, सगळ्यांची दारं हिरवी, दारांवर गुलाबाचे वेल.

"इथे कोण राहायचं, सर?"

"जमीनदाराचे कामगार. त्यानेच बांधली, शंभर वर्षांपूर्वी. आता लोक लांबून बघायला येतात."

माझं डोकंच चालेना. कामगारांची घरं झाकायला कामगारांचीच घरं? तरी काढली. कामगार म्हटले की कपडे वाळत घालणारच, म्हणून दोन दारांमध्ये दोरी काढली, वर चार कपडे.

साहेब भडकले. "चित्रात आहे का हे? रंग मार त्याच्यावर, यल्ला, लवकर!"

मारला. पण मग ती माणसं कपडे वाळवायची कुठे, हे मला आजवर कळलेलं नाही.

उद्घाटनाला पाहुणे कौतुकाने ती घरं बघत होते. तेवढ्यात वारा सुटला आणि कुंपणामागच्या आमच्या लुंग्या त्या दगडी छपरांवर फडफडायला लागल्या.