गस्ती जहाजावरची चतुर्थी

ऑस्ट्रेलियात, टूनगॅबीत आमच्या शेजारी राहणाऱ्या नीलाची मुलगी ओवी नौदलात कुक आहे. लहानपणीच पुण्याहून आली, इथेच वाढली, आणि युनिव्हर्सिटी अर्धवट सोडून नौदलात गेली. उत्तरेकडच्या समुद्रात गस्त घालणाऱ्या जहाजावर ती स्वयंपाक करते. आसरा शोधत निघालेल्या माणसांच्या होड्या अडवणं, हे त्या जहाजाच्या कामांपैकी एक.

मी जन्मभर ऑफिसात बसलेला माणूस. होडी अडवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे बातमीतल्या दोन ओळींवरून मला कधी कळलं नाही. म्हणून ओवी सुट्टीवर आली की मी तिला प्रश्न विचारतो. निम्म्या प्रश्नांना ती म्हणते, "काका, ते सांगता येत नाही." मग मी स्वयंपाकाबद्दल विचारतो. ते सांगता येतं.

या खेपेला तिने सांगितलं ते असं. एका होडीत पाणी शिरत होतं, म्हणून सगळ्यांना जहाजावर घेतलं. मागच्या डेकवर ताडपत्री बांधून सावली केली. एक लहान मुलगी उलट्यांनी पार गळून गेली होती. तिच्या पोटात काहीतरी जायलाच हवं, असं जहाजावरच्या मेडिकने बजावलं. ओवीने मऊ भात आणि वरण केलं. मांस घातलंच नाही, म्हणजे ते हलाल आहे का हा प्रश्नच नको. पण ताटाला कोणी हात लावेना.

मुलीच्या आईला सिनेमे पाहून शिकलेली हिंदी येत होती. ती ओवीला म्हणाली, "इसमें नींद की दवा है ना? हम सो जाएंगे, और आप हमें वापस छोड़ आओगे."

"कुछ नहीं मिलाया."

"तो पहले तू खा."

इथे ओवीची पंचाईत झाली. त्या दिवशी संकष्टी होती. समुद्रावर असेपर्यंत चतुर्थी धरायची, या अटीवर नीलाने तिला नौदलात जाऊ दिलं होतं. ओवीने खरं तेच सांगितलं, "आज मेरा उपवास है."

बाईने शेजारणीकडे पाहिलं आणि ताट दूर सारलं. "देखा? झूठ बोलना भी नहीं आता."

"मग दुसऱ्या कोणाला खायला सांगायचंस," मी म्हणालो.

"मेडिक तयार होता, काका. पण ती म्हणाली, जिने शिजवलं तिनेच खायचं. आणि ती मुलगी डोळेसुद्धा उघडत नव्हती."

ओवी डेकवर मांडी घालून बसली. त्या बाईच्याच ताटातला वरणभात तिने हाताने कालवला आणि घास घेतला. बाई तिच्या घशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "और." अर्धं ताट संपल्यावर बाईने एक घास मुलीच्या तोंडात घातला. तो आत राहिला. तेव्हा कुठे बाकीचे जेवायला लागले.

नीला किचनमधून ऐकत होती. "चतुर्थी मोडलीस, हे फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला मंगळवारही धरायला लावले असतेस."

नीला हसली. मला मात्र पुढचं जाणून घ्यायचं होतं. "त्या लोकांचं काय झालं?"

"परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी एका धड बोटीत बसवून. मी खाल्लं तेव्हा मला माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं. त्यांना ते आम्ही सांगायचं नसतं, ऑफिसर सांगतात."

"त्या बाईने तुला काही विचारलं?"

"उतरताना ती मला शोधत होती, असं मेडिक म्हणाला. मी आत स्वयंपाकघरात होते."

"मुद्दाम?"

"शिफ्टला होते," ती म्हणाली. चहाचा कप सिंकमध्ये ठेवून परत आली आणि खुर्चीवर बसली. "नाही, काका. शिफ्ट संपली होती."