एक गोड, एक तिखट

मोबाईलची गॅलरी भरली की तो स्वतःहून सांगतो, आता जागा नाही. डोक्यात किस्से भरले की असं कोणी सांगत नाही. चहाचा कप हातात आला की ते आपोआप बाहेर पडतात! माझं सध्या तेच चालू आहे. मोठा भाऊ गेल्यापासून त्याच्या मंडळाचे किस्से मी दिसेल त्याला सांगत सुटलो आहे.

मंडळ म्हणजे काही मोठं नाही. अकोल्यात जठारपेठेतली एक चहाची टपरी, रविवारची सकाळ, आणि फोटोचं वेड लागलेली पाच माणसं. दादा, मी, भाजीवाले गजूकाका, चित्रकला शिकवून रिटायर झालेले वानखडे सर, आणि अमरावतीहून गाडीनं येणाऱ्या नलूताई. प्रत्येकानं एक फोटो दाखवायचा. बाकीच्यांनी आधी एक गोड बोलायचं, मग एक तिखट. आणि ज्याचा फोटो असेल त्यानं फक्त ‘बरं’ म्हणायचं. बाकी एक शब्द नाही!

हा ‘बरं’चा नियम दादानं सरांमुळे केला. सर एका फोटोचा खुलासा करायला बसले की चहा थंड व्हायचा.

*

गजूकाका फोटोसुद्धा भाजीसारखाच पारखतात. एकदा सरांनी बाळापूरच्या किल्ल्यामागचा सूर्यास्त आणला. काकांनी मोबाईल हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“रंग झकास हाये सर. पण सूर्य शिळा वाटून राहिला.”

सरांचा चेहरा लाल! नियम म्हणजे नियम. बिचारे चहाच्या कपात पाहत म्हणाले, “बरं.”

मग राहवलं नाही. “मागच्या वर्षीचा आहे!”

*

नलूताईंची अडचण उलटी. त्यांच्या तोंडून तिखट निघतच नाही. कोणाचाही फोटो असो, “छान आलाय!” दादा म्हणाला, आज ताईले बोलतंच करतो. त्यानं मोबाईल खिशात ठेवूनच फोटो काढला आणि ती काळीकुट्ट चौकट ताईंसमोर धरली.

ताईंनी चष्मा पुसला. मोबाईल जवळ नेला, लांब नेला.

“रात्र छान आली आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त... थोडी जास्त झाली.”

दादा टपरीवरच आडवा झाला हसून!

*

सवय वाईट असते. गजूकाकांच्या पुतण्यासाठी आम्ही अचलपूरला पोरगी पाहायला गेलो होतो. पोहे यायचे होते. पोरीच्या वडिलांनी भिंतीवरचा तिचा फोटो कौतुकानं दाखवला. झालं! काका उठले, फोटोपाशी गेले.

“पोरगी लय छान आली. पण डोक्यातून विजेचा खांब निघून राहिला!”

पुतण्यानं डोळेच मिटले. दादानं माझा हात दाबला, म्हणजे हसू नको.

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन पोरगीच दारात आली. “मी तवाच सांगतलं होतं बाबाले! ऐकते कोण?”

सोयरीक तिथंच पक्की झाली.

*

आता माझं. शाळा मी लवकर सोडली आणि दादाचा जुना मोबाईल घेऊन गावभर फोटो काढत फिरू लागलो. माझ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात माझं बोट यायचं. बैल, बोट. देऊळ, बोट. दादाचं तिखट ठरलेलं होतं, टपरीवरही आणि घरी जेवतानाही.

“फोटो चांगला हाये, बाबू. बोट कोणाचं?”

एका रविवारी माझं डोकं फिरलं. मोबाईल उचलला आणि दिला फेकून! रस्त्यानं कापसाची ट्रॉली चालली होती. मोबाईल नेमका कापसात, आणि ट्रॉली बाळापूर रोडला! मी आणि दादा गाडीवर तिच्या मागे. दादा ओरडून राहिला, “ओ भाऊ, थांबा! आमचा कॅमेरा चालला!”

ट्रॉलीवाल्यानं हसत हसत कापूस उपसू दिला. मोबाईल सापडला. पडता पडता त्यानं एक फोटोही काढला होता. सगळीकडे पांढरं, ढगात गेल्यासारखं.

पुढच्या रविवारी दादानं तो सगळ्यांना दाखवला. “पाहा, आमच्या बाबूचा पहिला बिनबोटाचा फोटो!”

*

दादा तापानं गेला. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून टपरीवर कोणी बसलं नाही. आणि मला कोणी काही बोलेना. माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं तरी घरातले म्हणायचे, “राहू दे बाबू.” त्या ‘राहू दे’नं जीव नकोसा व्हायचा. मला कोणीतरी रागवायला पाहिजे होतं.

दादानं जगाचे फोटो काढले, त्याचा स्वतःचा एकच निघाला. मी काढलेला. शेताच्या बांधावर बसून तोंडभर हसतो आहे, आणि कोपऱ्यात बोट. फ्रेमवाला म्हणाला, “हे काढून टाकू का?” मी दुकानातच ओरडलो, “हात नको लावू!”

तेरवीला मंडळ आलं. हाराखालच्या फोटोसमोर तिघं उभे राहिले.

“चांगला आलाय,” सर म्हणाले.

“छान आहे रे,” नलूताई म्हणाल्या.

गजूकाकांनी नुसती मान हलवली आणि गमछा डोळ्याला लावला.

मी वाट पाहत राहिलो. कोणी पुढं बोलेना.

“काहून थांबले?” मी ओरडलोच. “गोड झालं! तिखट कोण सांगन?”

पाहुणे वळून पाहायला लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पिठाच्या हातानंच. टपरीवर ती कधी आली नव्हती. फोटोजवळ गेली, वाकून कोपरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“फोटो चांगला हाये, बाबू,” आई म्हणाली. “बोट कोणाचं?”

आधी गजूकाकांना हसू फुटलं, मग सरांना, मग नलूताईंना. आईलाही.

मी म्हटलं, “बरं.”