सोडलेला पहिला धडा

ऑस्ट्रियन अर्थशास्त्र शिकायला सुरुवात कुठून करावी, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, पहिल्या धड्यापासून. हसू नका. मी पाचव्यापासून केली होती.

ऑनलाइन मागवलेल्या त्या जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या पाचव्या धड्यात भांडवल होतं, आणि मला तेवढ्यातच रस होता. आमच्या गावी, अंजूरला, शेताच्या तिन्ही बाजूंना गोडाऊनं उभी राहिली होती. मधला तुकडा आईच्या नावावर. भात कापून झाला की ती त्यात वाल पेरायची. तोही गोडाऊनसाठी विकून टाकावा म्हणून मी उतावीळ झालो होतो, पण सही तिची लागणार होती. तेव्हा मी रोज जेवताना तिला अर्थशास्त्र ऐकवू लागलो. भाव बाजाराने ठरवावा, भांडवल पडून राहू नये, वगैरे.

आई उद्याच्या बिरड्याचे वाल सोलत ऐकायची. एकदा तिने विचारलं, "त्या ऑस्ट्रियात भात व्हतो का?"

"न्हाय."

"मंग त्यांना काय ठावं?"

थोर विचारांची घरात अशीच कदर होते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी मी जमिनीच्या दलालाला घरी बोलावलं. चहा झाला. मी कागद पुढे सरकवले, तर आई म्हणाली, "आदी तुजं पुस्तक वाच. पयल्यापासून. मंग बगू सहीचं."

दलालासमोर मी ऐटीत पहिला धडा उघडला आणि मराठीत सांगत गेलो. वस्तूची किंमत वस्तूत नसते, माणसाच्या मनात असते. एकाला जे मातीमोल, ते दुसऱ्याला अनमोल असू शकतं. इथे माझा आवाज खाली आला. दलाल मात्र खुशीत मान डोलावत होता. त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय.

"मग बोला काकी, भाव काय?"

"भाव हाय," आई म्हणाली. "म्हनून तं देत न्हाय."

दलाल बिचारा आकड्याची वाट बघत बसला. मला संताप आला होता, पण आईचा नाही, पुस्तकाचा. पैसे मी मोजले होते आणि ऐन वेळी ते तिच्या बाजूने बोललं.

रात्री तिने माझ्या ताटात बिरडं वाढलं, न मागता आणखी एक पळी घातली आणि विचारलं, "दुसरा धडा कवा वाचतोस?"