नेटफोनवाला

हिंगोलीच्या एसटी डेपोसमोर त्याचं नेटफोनचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, दोन हेडफोन. परदेशी बोलणं एसटीडी बूथपेक्षा स्वस्त पडे, म्हणून मस्कतच्या भावाशी बोलायला मी दर रविवारी जायचो. त्याचं नाव कधी विचारलं नाही.

पण आवाज फार तुटायचा. तुटला की तो हेडफोन शर्टाच्या टोकानं पुसून परत देई, जणू चूक त्याचीच. गिऱ्हाइकं कमी होत चालली होती.

एका रविवारी शिरड शहापूरची एक मावशी आली. सौदीत तिच्या लेकाचं तासाभरात ऑपरेशन होतं. तीनदा फोन लागला आणि तीनदा "माय" एवढंच ऐकू येऊन तुटला. तो उठला, "चला मावशी," म्हणाला आणि तिला समोरच्या एसटीडीवर घेऊन गेला. तो एसटीडीवाला रोज याची टिंगल करायचा.

मागोमाग जात मी विचारलं, "अहो, आपलं गिऱ्हाईक त्याला काहून देऊन राहिले?"

"गिऱ्हाईक उद्या बी येईल साहेब. ऑपरेशन आज हाये."

फोन लख्ख लागला. मावशी काचेआड रडत बोलू लागली, तसा तो पाठ फिरवून उभा राहिला. त्याच्या दुकानात थांबलेले दोघं-तिघंही एव्हाना इथंच येऊन उभे होते. त्यांना तो एवढंच म्हणाला, "मावशीला घाई करू नका."

मी त्याच्यासोबत दुकानात परतलो. भावाचं निम्मं बोलणं त्या दिवशी कळलंच नाही. तरी मी मोठ्यानं, नेटफोनवाल्याला ऐकू जाईल असं, "व्हय, व्हय" म्हणत राहिलो.