दाजींचा उलटा किरण

उजेड नेमका कुठून निघतो हे साऱ्या जगात आपल्या एकट्यालाच कळलं आहे, अशी माझ्या दाजींची पक्की समजूत आहे. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. जन्मभर मुकुंदवाडीत ट्रकांचं वायरिंग केलं आणि आता लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ खेळत बसतात. त्या खेळात जिंकणं नाही की हरणं नाही. काळ्या पडद्यावर वाळू ओतायची, पाणी सोडायचं, आग लावायची आणि पुढं काय होतंय ते बघायचं. दाजींना मात्र वाळूपाण्याची गोडी नाही. त्यांचा जीव अडकला आहे तो किरण सोडणाऱ्या ठिपक्यात. तारेतून ठिणगी दिली की तो ठिपका किरण सोडतो, पण ठिणगी ज्या बाजूनं लागली तिच्या बरोबर उलट बाजूला. हे ठाऊक नव्हतं तेव्हा दाजींनी पडद्यावर एक घर काढलं, शेजारी गोठा काढला, मधोमध तो ठिपका ठेवला आणि घराच्या बाजूनं तार जोडली. घरात अंधार राहिला आणि गोठा लखलखला. अक्का म्हणाली, "म्हशीचं नशीब बघा."

घरी येईल त्याला हा खेळ बघावाच लागतो. वेरूळचे एक पाहुणे लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. दाजींनी त्यांना किरण रंगीत काचेतून गेला की कसा रंग घेतो आणि भिंत आली की कसा थांबतो ते इतक्या वेळा दाखवलं, की पत्रिका न देताच ते उठले. किरणाची एकच गोष्ट दाजींना मान्य नव्हती. तो टिकत नाही. क्षणभर झळकतो आणि विरून जातो, पुन्हा हवा तर पुन्हा ठिणगी द्या. "वायरिंग माझ्याकडं असतं तर विझू दिला नसता," असं ते म्हणत.

इथवर सगळं ठीक होतं. पण माणसंही अशीच चालतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. हवं त्याच्या उलट बोलायचं, म्हणजे हवं ते मिळतं. चहाची तलफ आली की ते म्हणत, "आज चहा नको हं." अक्का म्हणे, "बरं झालं, दूध नव्हतंच." भाजीवालीला म्हणाले, "बाई, भाव लई कमी लावला तुम्ही." ती म्हणाली, "व्हय का? मग वाढवून द्या की." मी चारचौघांत बोलत नाही, म्हणून मला बोलतं करायला ते म्हणायचे, "तू बोलूच नको." मी नाही बोलले. तरी दाजी हटले नाहीत. "कधीकधी किरण उशिरा निघतो," म्हणाले.

त्यांची लेक पुण्याला नोकरीला गेली ती बापाला न विचारता. तेव्हापासून बापलेकीत अबोला होता. दिवाळीच्या तोंडावर तिनं अक्काच्या फोनवर मेसेज टाकून विचारलं, "येऊ का?" अक्का तळणात होती. दाजींनीच आपलं नाव घालून उत्तर लिहिलं, "कशाला येतेस? इथं तुझं काय काम नाय." आणि हसून मला म्हणाले, "आता बघ, येती का नाय ते."

ती आली नाही.

लक्ष्मीपूजनाला दाजी दाराशी खुर्ची टाकून बसले. तिच्या वाटच्या करंज्या त्यांनी डब्यात घालून वर कागद दाबला होता. भाऊबीज झाली, आकाशकंदील उतरला, तरी तो डबा त्यांनी कुणाला उघडू दिला नाही. मला ते बघवेना. मी म्हणाले, "दाजी, ती ठिपका नाही. तुम्ही येऊ नको म्हणालात, तिनं ऐकलं. सरळ सांगा ना."

अक्का झारा हातात धरून माझ्याकडं बघतच राहिली. दाजींनी फोन लावला.

"ये," म्हणाले.

"पप्पा? काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरली? तुझी आठवण येती. ये."

ती म्हणाली, "शनिवारी निघते."

ती आली, मऊ पडलेल्या करंज्या हौसेनं खाल्ल्या आणि बापाशेजारी बसून गोठ्यातला उजेड घरात कसा आणायचा ते बघितलं. दाजी तिला शिकवत होते. तो खेळ कॉम्प्युटरवर तिनंच टाकला होता, पण ती काही बोलली नाही. रविवारी दुपारच्या बसनं परत गेली.

संध्याकाळी मी अक्काचा फराळाचा डबा परत द्यायला गेले, तर दाजी पडद्यासमोर बसले होते. त्यांनी ठिणगी दिली. घर उजळलं, आणि विरलं. पुन्हा ठिणगी दिली नाही. ते वायरिंगला नावं ठेवतील म्हणून मी थांबले. त्यांनी फोन उचलला.

"पोचलीस का गं? ...काय नाय, उगंच केला. उद्या पण करीन."