आकाश आलंय, घर येतंय

आक्का, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, कोणाचंही वाक्य पुरं होऊ देत नसत. दूधवाला "बहनजी, आज दूध ज़रा…" एवढंच म्हणे, की त्या म्हणत, "पतला है, दिख रहा है. पानी का दाम अलग से मत लगाना." लग्नानंतर मी त्यांना काहीतरी समजावून सांगू लागले, तर म्हणाल्या, "इंग्रजीत एम. ए. ना तू? मग मराठीत थोडक्यात बोल."

सगळ्यात जास्त हाल आजोबांचे. ते अडखळत बोलत. नाव मंदार. आक्का त्यांना हाक मारत, "मंद!" पाहुण्यांसमोरसुद्धा. मी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "पुढचा 'आर' त्याचा तो लावून घेईल. त्याला वेळच वेळ आहे." आजोबा हसत. मला त्या हसण्याचा राग येई. पण आई गेल्यावर त्यांना वाढवलं ते याच आक्कांनी. शाळेत ते अडखळले म्हणून मास्तरांनी मारलं, तेव्हा आक्कांनी मास्तरांची छडी मोडून टेबलावर ठेवली होती. "त्याला छळायला घरी मी आहे," असं त्यांना सांगून आल्या.

आक्कांची नोकरी सरकारी कचेरीत, नकाशे काढण्याची. उज्जैनमधल्या कितीतरी इमारती त्यांच्या हातच्या, पण सही नेहमी कुठल्यातरी साहेबाची. निवृत्त झाल्या त्या सुमारास गावात कॉम्प्युटर येऊ लागले. फ्रीगंजच्या आमच्या बाहेरच्या खोलीत आक्कांनी एक आणून बसवला. त्यावर त्या रेघांनी घर उभं करत, एक बटण दाबत आणि चहा करायला आत येत. चहा पिऊन होईतो रंगीत घर तयार, सावल्यांसकट.

मग नानाखेड्याला एक धर्मशाळा बांधायची ठरली. आराखडा ज्याचा पसंत पडेल त्याचं नाव दाराशी दगडात कोरणार होते. आक्कांनी अक्षरांचं वळणसुद्धा ठरवून ठेवलं. चित्र बघायला कमिटी घरी येणार, त्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींनी फोनवर विचारलं, "आंटीजी, आपके यहाँ नया सिस्टम तो है ना? इंदौर वाले लड़के के पास है." आक्कांना 'नाही' म्हणवेना. टावर चौकातल्या दुकानदाराला बोलावून त्यांनी मशीनची सगळी सिस्टमच बदलून घेतली. तो जाताना म्हणाला, "मेमरी थोड़ी कम पड़ेगी, आंटी." आक्का म्हणाल्या, "हमारे भाई की भी कम है. घर चल रहा है."

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. आक्कांनी ऐटीत बटण दाबलं. चहा झाला, पोहे झाले. पडद्यावर वरून निळी पट्टी उतरली आणि थबकली. मशीन नुसतं आत खरवडत होतं. "नवा भाडेकरू आलाय," आक्का माझ्या कानात म्हणाल्या, "सगळ्या खोल्या अडवून बसलाय मेला." मग मोठ्याने, "आकाश आलंय, घर येतंय. आ रहा है, आ रहा है."

अंगावर सांडलेली पोह्यांची शेव झटकत एक सेठजी उठले. "बहनजी, आसमान तो नानाखेड़ा में पहले से है. धर्मशाला दिखाइए." सगळे हसले. "इंदौर वाला तो फोटो ही दे गया," दुसरे म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

तेव्हा आजोबा दारात आडवे उभे राहिले. परक्यांपुढे ते कधी बोलत नसत. "रु… रु… रु…" रुकिए म्हणायचं होतं त्यांना. सेठजी खांद्यावर थोपटून म्हणाले, "भाईसाहब, आपमें भी नया सिस्टम डला है क्या?" आणि बाजूने निघून गेले. त्या दिवशी आक्कांनी आजोबांचं वाक्य पुरं केलं नाही. भिंतीकडे बघत राहिल्या.

मशीन बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. दिवेलागणीला बघतो तर धर्मशाळा पुरी उतरलेली. कमानी, ओसरी, दाराशी कोरीव दगड. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. आजोबा पुढे झाले. "सुं… सुं…"

आक्कांनी खटकन बटण बंद केलं. "ते नाही थांबले. मी का थांबू?"

पुढे आक्कांनी मशीनवर अभ्रा घातला तो घातलाच. काही वर्षांनी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं बोलणं अडकलं. हॉस्पिटलात एके दुपारी त्या आजोबांकडे बघून म्हणाल्या, "पा… पा…" नर्स म्हणाली, "पानी." मी पेला उचलला. आजोबांनी हात वर करून आम्हा दोघींना गप्प केलं आणि ते थांबून राहिले.

"पाहिलं… होतंस ना… तू?"

"हो. सुं… सुंदर होतं."

आक्कांनी ते ऐकून घेतलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग ओठ पुन्हा हलले. "मंद…"

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना तेवढंच म्हणायचं होतं. आजोबा मात्र शेवटपर्यंत म्हणत, "पुढचं येत होतं गं. मी बघत होतो."